नव्या संगणकात जुना एक्सपी

कोल्हापुरात लग्नसराईत डीटीपीवाल्याकडं जा. वीस वर्षांपूर्वीची पत्रिका अजून पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सापडते. फॉन्ट युनिकोडआधीचा. तो नसेल तिथं ‘श्री’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. पेजमेकर ७ आणि विंडोज एक्सपी दोन्ही २००१ चे, एकमेकांना मानवणारे. पण आजच्या एनव्हीएमई डिस्कशी बोलणारा ड्रायव्हरच एक्सपीकडं नाही, म्हणून तो नव्या संगणकावर सरळ चढत नाही.

मला पटलेला उपाय व्हर्च्युअल मशीनचा. हे सॉफ्टवेअर एक्सपीपुढं जुन्या धाटणीचा संगणक उभा करतं. खरी डिस्क त्याला दिसतच नाही. त्याचं इंटरनेट मात्र बंदच ठेवा, कारण मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला थांबवला. आणि सगळ्यांत आधी फॉन्टची फाइल जपा. ती हरवली तर पत्रिका वाचणार कशी?