डब्ल्यूडीजी-४ मालवाहू डिझेल इंजिन : रचना आणि इंधनबचत

मालवाहू डिझेल इंजिनाची इंधनकार्यक्षमता म्हणजे एक अश्वशक्ती-तास निर्माण करण्यास किती डिझेल जळते, एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. हा अर्थ अपुरा आहे. एक टन माल एक किलोमीटर नेण्यास किती डिझेल लागले, हा रेल्वेचा खरा हिशेब होय. आणि त्यात चाक व रूळ यांमधील पकडीचा वाटा मोठा असतो. प्रस्तुत लेखात डब्ल्यूडीजी-४ या इंजिनाच्या आधारे या मुद्द्याचा विचार केला आहे.

भारतीय रेल्वेने १९९५ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीशी करार केला. १९९९ मध्ये ही इंजिने आयात झाली आणि २००२ पासून वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये (२०२० पासून बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स) ती तयार होऊ लागली. इंजिनाचे वजन १२६ टन असून ते सहा आसांवर विभागलेले आहे. १६ सिलिंडरांचे ७१० मालिकेतील द्विघाती यंत्र ४,००० अश्वशक्ती देते.

तथापि खरा बदल विद्युत कर्षणात आहे. यंत्राला जोडलेला अल्टरनेटर वीज निर्माण करतो. ती प्रथम एकदिश होते व नंतर इन्व्हर्टरद्वारे त्रिकला प्रत्यावर्ती स्वरूपात मोटरींना मिळते. या मोटरींत ब्रश व कम्युटेटर नसल्यामुळे अतिमंद वेगातही त्या पूर्ण जोर सोसतात. चाक घसरू लागताच नियंत्रणप्रणाली मोटरीचा जोर क्षणार्धात सावरते. परिणामी सुटतानाचे कर्षणबल सुमारे ५३ टन, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ४२ टक्के मिळते. जुन्या २,६०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये हे बल ३०.४५ टन, म्हणजे २७ टक्केच होते.

या फरकाचा अर्थ गोवा-कर्नाटक सीमेवरील कुळे ते कॅसल रॉक घाटात स्पष्ट होतो. मुरगाव बंदरातून निघालेला कोळसा येथे ३७ स १ इतक्या चढाने वर जातो. प्रत्येकी ८१.२८ टनांच्या ५८ भरलेल्या वाघिणींचे वजन सुमारे ४,७१४ टन होते. चढावर त्यांना केवळ धरून ठेवण्यासच १२७ टन बल हवे. इंजिनांचे स्वतःचे वजन जमेस धरता डब्ल्यूडीजी-४ तीन लागतात, तर डब्ल्यूडीएम-२ किमान पाच. (गाडी चढावर सतत चालवायची तर दोन्ही पक्षी संख्या आणखी वाढते.) येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : तीन इंजिनांची एकत्रित शक्ती १२,००० अश्वशक्ती आणि पाचांची १३,०००, म्हणजे शक्तीत फारसा फरक नाही. बचत होते ती अन्यत्र. इंजिनांचेच वजन ५६४ टनांवरून ३७८ टनांवर येते आणि सिग्नलपाशी थांबल्यावर पाचांऐवजी तीनच यंत्रे धडधडत राहतात.

या थांब्याच्या खर्चाकडे बराच काळ दुर्लक्ष झाले असे म्हणावे लागते. मुख्य यंत्र बंद केल्यास बॅटरी उतरते व ब्रेकची हवा कमी होते, म्हणून ते तासन्‌तास चालू ठेवले जाई. नंतरच्या इंजिनांत त्यासाठी लहान साहाय्यक डिझेल यंत्र बसविण्यात आले.

मात्र उतारावरील ऊर्जा या रचनेत वाचत नाही. डायनॅमिक ब्रेक लावताच मोटरी वीज निर्माण करतात, परंतु ती साठविण्याची वा परत पाठविण्याची सोय नसल्याने रोधकांतून उष्णता होऊन हवेत जाते. त्याच त्रिकला मोटरी वापरणारे डब्ल्यूएजी-९ हे विद्युत इंजिन ती वीज वरच्या तारेत परत देते.