आगोटीची बेगमी
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

माझी आजी संगमेश्वर तालुक्यातली. ‘आगोट’ हा शब्द मी प्रथम तिच्याच तोंडून ऐकला. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. वैशाख सरत आला की तिच्या गावी घरोघर एकच लगबग उडे. घर शाकारायचे, लाकूडफाटा पडवीत रचायचा, सुकी मासळी, कुळीथ, आमसुले, मीठ, लोणची भरून ठेवायची. पुढे ओढे-नाले वाट अडवणार आणि बाजार गाठता येणार नाही, हे गृहीत धरून केलेली ही तयारी. तिलाच आगोटीची बेगमी म्हणतात. आजी म्हणते, “ढग बघून मीठ आणायला निघालेली बाई आमच्यात येडी ठरायची.”

मुंबईत आल्यावर ही बेगमी सुटली. कोपऱ्यावर वाण्याचे दुकान, भिंतीत विजेचे बटण, दारात नळ. साठवायचे कशाला आणि एका खोलीत ठेवायचे तरी कुठे? पण पाऊस मात्र गावाकडचा आणि इथला एकच आहे. किंबहुना विक्रोळीत तो अधिक अवघड आहे. आपल्या पश्चिमेला पवईच्या बाजूचा डोंगर आणि त्याच्या उतारावर चढत गेलेल्या वस्त्या. पूर्वेला कन्नमवारनगर, टागोरनगर आणि त्यांच्या पलीकडे ठाण्याची खाडी. एका बाजूला दरडीचे भय, दुसऱ्या बाजूला पाणी तुंबण्याचे. अशा ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबाने बेगमी कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आधी पाऊस किती पडतो ते पाहू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. हा आकडा आपण अनेकदा ऐकतो, पण तो डोळ्यांसमोर उभा राहत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दहा बाय बाराची खोली सुमारे अकरा चौरस मीटर भरते. म्हणजे त्या दिवशी एवढ्या एका खोलीच्या पत्र्यावर साडेदहा हजार लिटर पाणी पडले असते. पाण्याचा एक मोठा टँकरच म्हणा ना! शहरातील जुनी गटारव्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. त्यात भरती असली की समुद्र गटारांचे पाणी आत घेत नाही. मग ते रस्त्यावर राहणार, दुसरे काय होणार? गंमत अशी, की त्याच चोवीस तासांत कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेव्हा ‘मुंबईत पाऊस किती’ यापेक्षा ‘आपल्याकडे किती’ हे पाहणे महत्त्वाचे.

डोंगराची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडचा डोंगर काळ्या खडकाचा आणि त्यावर मातीचा थर. पाणी मुरत गेले की माती जड होते आणि खडकावरची तिची पकड सुटते. त्यातच घरासाठी उताराचा पायथा कापलेला असेल, सांडपाणी उतारावरच सोडलेले असेल, झाडे तोडलेली असतील, तर दरड सुटायला वेळ लागत नाही. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठांहून अधिक माणसे गेली. १८ जुलै २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर चेंबूरच्या वाशीनाका भागात आणि आपल्या विक्रोळीत सूर्यनगरच्या बाजूला घरे गाडली गेली. दोन्ही ठिकाणी मिळून जवळजवळ तीस जीव गेले. १६ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे पार्कसाइटच्या वर्षानगरात एकाच कुटुंबातील दोघे दगावले. रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत आपले नाव नाही म्हणून निश्चिंत राहू नये, हा त्यातला धडा.

आता माझ्या घरची एक हकिकत सांगते, कारण या लेखाचे मूळ तिच्यात आहे.

२०२१ सालच्या त्या रात्री मी नववीतून दहावीत गेलेली मुलगी होते. आमची खोली उतारावर, पण जिथे दरड आली तिथून दूर. मध्यरात्रीनंतर वरच्या गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. वडिलांनी आजीला उचलले, मी धाकट्या भावाला घेतले आणि आम्ही खालच्या रस्त्यावर आलो. आई मागे नव्हती. वीज गेलेली, पाऊस कोसळत होता. वडील पुन्हा वर धावले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मला तो फार मोठा वाटला. आई आली तेव्हा तिच्या पदराखाली पत्र्याची पेटी होती. पेटीत शिधापत्रिका, फोटोपास, जुनी वीजबिले आणि माझी गुणपत्रिका. वडील तिच्यावर ओरडले. ती एवढेच म्हणाली, “कागद गेले तर आपण कुठले?”

आमच्या घरावर काहीच पडले नाही. पण तो प्रश्न मी विसरलेले नाही. आई वेडेपणा करत नव्हती. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घर मिळायचे तर १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे पेटीतले ते पिवळे पडलेले कागद. घर हे चार भिंतींइतकेच त्या कागदांत असते. लोक धोक्याच्या जागेतून वेळेवर निघत नाहीत, तेव्हा शिकलेली माणसे त्यांना अडाणी म्हणतात. माझ्या मते त्यांचे पाय कागदांत, भांड्यांत, शिलाईयंत्रात अडकलेले असतात. म्हणून मी म्हणते, आपत्तीची तयारी करायची तर पहिली बेगमी कागदांची करावी. कागद सुरक्षित असतील तर माणूस मोकळ्या हातांनी दाराबाहेर पडेल.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक कागद वाचायला माझ्याकडे येतो. मे महिन्यात गल्लीच्या तोंडाशी ‘धोकादायक उतार, रहिवाशांनी स्थलांतर करावे’ असा फलक लागतो, तोही मीच मोठ्याने वाचून दाखवते. दोन वर्षांपूर्वी मी ठरवले, की नुसते वाचून दाखवणे पुरे. आम्ही घरातल्या पाच जणांनी बसून जी तयारी केली ती अशी.

१. कागद. सर्व कागदांच्या छायाप्रती काढून एक संच कन्नमवारनगरात मावशीकडे ठेवला. सर्वांचे फोटो काढून भावाच्या, माझ्या आणि गावच्या काकांच्या फोनवर पाठवले. आधार व गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये घेतल्या. मूळ कागद पेटीतून काढून प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधले. लोखंडी पेटी घेऊन धावता येत नाही, पिशवी गळ्यात अडकवता येते.

२. पाणी. १८ जुलै २०२१ लाच भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात पावसाचे पाणी शिरले आणि मुंबईच्या बहुतेक भागांचा पाणीपुरवठा कोलमडला. बाहेर पूर आणि नळ कोरडा! पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर धरले, तर पाच माणसांना तीन दिवसांचे साठ लिटर होतात. वीस लिटरचे तीन कॅन पावसाळाभर भरलेले ठेवावेत आणि पाणी दर आठवड्याला बदलावे. पूर ओसरल्यावर पाणी चांगले उकळूनच प्यावे, किंवा क्लोरिनची गोळी पाकिटावरील सूचनेप्रमाणे टाकून अर्धा तास थांबावे. जुलाब लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर लेप्टोचा धोका असतो. ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवून औषध घ्यावे.

३. पिशवी. दाराजवळच्या खुंटीला एक पाठपिशवी. तीत बॅटरी, शिट्टी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी, आजीची आठ दिवसांची रक्तदाबाची औषधे, सॅनिटरी पॅड, प्रत्येकाचा एक कपडा, थोड्या सुट्या नोटा, भरून ठेवलेली पॉवर बँक, आणि चणे, शेंगदाणे, गूळ. शिट्टी कशाला, असे भावाने विचारले. ढिगाऱ्याखाली माणसाचा आवाज लवकर बसतो, शिट्टीला फार दम लागत नाही.

४. कामाची वाटणी. संकटात सगळे एकच काम करायला धावतात आणि बाकीची राहून जातात. आमच्याकडे वडिलांनी आजीला घ्यायचे. भावाने विजेचा मेन स्विच पाडायचा, पण हात कोरडे असतील आणि पायांखाली पाणी नसेल तरच. आईने रेग्युलेटर बंद करायचा. गॅसचा वास येत असेल तर कोणतेही बटण दाबायचे नाही, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडायचे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचून राहतो. मी पिशव्या घ्यायच्या आणि शेजारच्या एकट्या आजोबांचे दार ठोठवायचे. त्यांना कमी ऐकू येते.

५. भेटण्याची जागा. २६ जुलै २००५ ला वडील दादरहून रुळांवरून चालत दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले. फोन बंद पडलेले, आईला रात्रभर पत्ता नाही. आता ठरले आहे, की चुकामूक झाल्यास सर्वांनी मावशीकडे यायचे आणि गावच्या काकांना कळवायचे. शहरातले फोन एकमेकांना लागत नसले तरी गावचा कधी कधी लागतो. काकांचा नंबर आजीसुद्धा पाठ म्हणते. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पालिकेचा आपत्ती नियंत्रण कक्ष १९१६, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, गॅसगळती १९०६ आणि सर्व मदतीसाठी ११२ हे क्रमांकही लिहिले आहेत.

६. निघायचे केव्हा? हा सर्वांत अवघड प्रश्न. हवामान खाते पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देते. लाल इशारा म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून अधिक पावसाची शक्यता. आमचा नियम असा, की लाल इशारा असेल तर दिवसाउजेडीच निघून मावशीकडे झोपायला जायचे. रात्री दोन वाजता पाच जणांचे एकमत होत नसते. इशारा नसतानाही डोंगर काही खुणा दाखवतो. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग पडणे, दार एकाएकी चौकटीत अडकू लागणे, खांब वा झाड कलणे, घरामागून गढूळ पाणी झिरपणे, दगड घरंगळल्याचा आवाज. यांतले एक जरी दिसले तरी चर्चा न करता बाहेर पडावे. पावसाआधी घरामागची गटारे साफ करावीत आणि उताराची माती कोणी कापू नये, हेही शेजाऱ्यांनी मिळून पाहावे.

हे सारे ठरवल्यावर आम्ही एका रविवारी तालीम केली. पहिल्या खेपेस बाहेर पडायला अकरा मिनिटे लागली, कारण आई गादीखालचे पैसे शोधत राहिली. दुसऱ्या खेपेस चार मिनिटे लागली. गल्लीतली मुले हसत होती. त्याच संध्याकाळी त्यांतल्या दोघांच्या आया मला विचारायला आल्या, “कागदांचे फोटो कसे काढायचे गं?” मी आतापर्यंत अकरा घरांचे कागद फोनवर घेऊन दिले आहेत.

या तयारीने डोंगर थांबणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी पक्की संरक्षक भिंत हवी आणि धोक्यातल्या माणसांना राहते घर हवे. ‘स्थलांतर करावे’ असे वाचून दाखवले की वडील दरवर्षी विचारतात, “कुठे?” त्याचे उत्तर माझ्या पाठपिशवीत नाही. ते मागत राहिले पाहिजे, आणि तेही कागदावर, पोच घेऊन. परंतु ते मिळेपर्यंतचे पावसाळे आम्हाला जिवंतपणी काढायचे आहेत.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात आपणच पहिले कॉलेजात आलो आहोत. घरच्यांनी आपल्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेतला. त्या शिक्षणाचा पहिला उपयोग त्यांच्याचसाठी व्हावा. येत्या मे महिन्यात परीक्षा संपली की एक दुपार काढा, घरच्या माणसांना एकत्र बसवा आणि कागदांपासून सुरुवात करा. गेल्या वर्षी आमची पिशवी खुंटीला टांगली, तेव्हा आजीने ती उचलून वजन पाहिले आणि विचारले, “मीठ घातलंस का?” घातले नव्हते. आता घातले आहे.