मंद्र ध्वनीची जागा

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरातील सदनिकांत दिवाणखान्यालाच नाट्यगृहाचे काम करावे लागत असल्यामुळे सबवूफरची पेटी बहुधा सोफा व कपाट यांच्यामधल्या कोपऱ्यात सरकवली जाते. आणि तेथील दोन भिंती व जमीन मिळून मंद्र ध्वनीला बळ देतात हे खरे असले, तरी तेच बळ एखाद-दुसऱ्या सुराला अकारण फुगवून चित्रपटातील संवाद झाकोळून टाकते. १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्‌झच्या आसपासचा स्वर समोरासमोरच्या भिंतींपाशी घुमतो व मध्यभागी जवळजवळ लोपतो, म्हणून बैठक अगदी मधोमध नसावी. गालिचा-पडद्यांनी हा घुमारा शमत नाही. दगडी वाड्यांच्या अभेद्य भिंतींत तर तो अधिकच टिकतो.

जागा मुक्रर करण्याची सर्वोत्तम तजवीज अशी, की पेटी तात्पुरती आपल्या बैठकीवरच ठेवून तीवर चढत्या-उतरत्या मंद्र सुरांचे बास गिटारवादन लावावे, आणि भिंतीच्या कडेकडेने, कान जमिनीलगत ठेवून, गुडघ्यांवर सरकत जिथे प्रत्येक सूर सारख्याच वजनाने ऐकू येईल तिथे खडूने खूण करावी. पेटी तिथेच न्यावी, खाली जाड रबर घालावे.