रात्रीचा खोकला : छातीचा की पोटाचा?

गेल्या हिवाळ्यात सिडकोतील एक आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. "डॉक्टरसाहेब, दिवसा बरा असतो, आडवा झाला की खोकतो." छाती साफ होती, तरी मी दोनदा अँटिबायोटिक दिले. गुण आला नाही. तिसऱ्या खेपेस, आधीच विचारायला हवे होते ते विचारले, "रात्री जेवतो केव्हा?" "दहाला. मग झोपताना पेलाभर दूध." तोंडात आंबट पाणी येते का? मुलगाच म्हणाला, "रोज येतं."

अन्ननलिका जठराला मिळते तेथे झडपेसारखा स्नायू असतो. तो अवेळी सैल पडला की आम्ल वर चढते. ते घशाशी आले किंवा श्वासनलिकेत झिरपले की खोकला, घरघर, आवाज बसणे अशा तक्रारी होऊ शकतात.

मात्र प्रत्येक खोकल्याचे खापर पित्तावर फोडू नये. आधी दमा, क्षय आणि श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा यांची शंका फेडून घ्यावी. बेरियमच्या एक्स-रेत अन्ननलिकेची रचना दिसते. त्यावरून हे निदान ठरत नाही. नुसता घसा लाल दिसणे हाही पुरावा नव्हे. गरज पडल्यास तज्ज्ञ नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत २४ तास ठेवतात. आम्ल कधी चढले याची नोंद यंत्र करते, खोकल्याची वेळ आई लिहिते. दोन्ही वेळा वारंवार जुळल्या तर संशय बळावतो.

छातीत जळजळ, आंबट ढेकर असतील तर मोठ्या मुलांना डॉक्टर ४ ते ८ आठवडे औषध देऊन पाहतात. ही लक्षणे नसताना केवळ खोकल्यासाठी आम्लाच्या गोळ्या देऊ नयेत. दूध टाकणारे, पण हसतेखेळते आणि वजन वाढणारे बाळ आजारी नसते.

हिरवी किंवा रक्ताची उलटी, वजन घटणे, ओठ निळे पडणे, खाताना ठसका लागून अचानक सुरू झालेला खोकला, यांपैकी काहीही दिसले तर घाटीत किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे तातडीने जावे.

त्या मुलाचे जेवण साडेसातला आणले, झोपतानाचे दूध संध्याकाळी. तीन आठवड्यांत खोकला पुष्कळ कमी झाला. पालकांनो, दवाखान्यात येताना खोकल्याची, जेवणाची व झोपेची वेळ आठवडाभर वहीत लिहून आणा. निदानाचा अर्धा रस्ता तेथेच सापडतो.