मधुमेहींनो, एका बाजूची सर्दी अंगावर काढू नका!

सर्दी औषध घेतले तर सात दिवसांत आणि न घेतले तर आठवड्यात बरी होते, असे आपण गमतीने म्हणतो. परंतु ज्यांची रक्तातील साखर आटोक्यात नाही, त्यांनी नाकाच्या तक्रारीकडे असे पाहू नये, हे कान-नाक-घसा तज्ज्ञ या नात्याने मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

याचे कारण म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य आजार. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' या नावाने तो घरोघरी ठाऊक झाला. लाट ओसरली, भीती ओसरली. पण हा आजार करोनापूर्वीही होता व आजही आहे.

या बुरशीचे बीजाणू मातीत, कुजलेल्या पालापाचोळ्यात असतात. हवेतून ते सर्वांच्याच नाकात जातात. निरोगी माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांचा नाश करतात. साखर सतत वाढलेली असेल तर या पेशी दुबळ्या पडतात. त्यातच रक्तातील आम्लता वाढली, तर बुरशीला लागणारे लोह तिला सहज मिळते. मग ती सायनसमध्ये, म्हणजे नाकालगतच्या हाडांतील पोकळ्यांत शिरून रक्तवाहिन्या बंद पाडते. रक्त न मिळालेला भाग मरून काळा पडतो. तेथून डोळा व मेंदू दूर नाहीत.

मधुमेही व्यक्तीला पुढीलपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे :

१) चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखणे, सूज किंवा बधिरपणा
२) नाकातून काळपट वा रक्तमिश्रित स्राव
३) वरचे दात अकारण हलू लागणे, तोंडातील टाळूवर काळा डाग
४) डोळा सुजणे, पापणी खाली पडणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे

दुर्बिणीने नाक तपासून, तुकडा काढून निदान करता येते. उपचार तिहेरी असतात : साखरेवर नियंत्रण, मृत भाग काढण्याची शस्त्रक्रिया आणि अॅम्फोटेरिसिन-बी हे औषध. या औषधाचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, म्हणून रुग्णालयात राहावे लागते. उशीर झाल्यास डोळा, प्रसंगी प्राणही गमवावा लागतो.

हा रोग एकापासून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाला दूर ठेवू नका. आजारपणात इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका, त्यांनी साखर वाढते. साखर नियमित तपासा. नाकाचे रक्षण तेथूनच सुरू होते.