अल्पाधिकार : विक्रेत्यांची संख्या आणि परस्परावलंबन
(भारतातील मोबाइल सेवेच्या बाजारपेठेच्या संदर्भात)

प्रस्तावना :
पदवी स्तरावरील सूक्ष्म अर्थशास्त्रात बाजाराचे पूर्ण स्पर्धा, मक्तेदारी, मक्तेदारीयुक्त स्पर्धा व अल्पाधिकार असे चार प्रमुख प्रकार शिकविले जातात. विक्रेत्यांची संख्या, वस्तूचे स्वरूप आणि प्रवेशाचे स्वातंत्र्य हे या वर्गीकरणाचे निकष होत. यांपैकी संख्येचा निकष सर्वांत सोपा असल्याने 'विक्रेते अनेक तर स्पर्धा तीव्र, विक्रेते मोजके तर स्पर्धा क्षीण' असा समज विद्यार्थ्यांच्या मनात सहज रुजतो. पूर्ण स्पर्धा व मक्तेदारी या दोन टोकांच्या बाबतीत हा समज फारसा बाधक ठरत नाही. अल्पाधिकारात मात्र तो अपुरा पडतो. प्रस्तुत लेखात अल्पाधिकाराचे खरे लक्षण संख्येत नसून विक्रेत्यांच्या परस्परावलंबनात आहे, हे भारतीय मोबाइल सेवेच्या उदाहरणाने स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी :
पूर्ण स्पर्धेतील विक्रेता प्रतिस्पर्ध्याचा विचार करीत नाही, कारण कोणा एकाच्या निर्णयाने बाजारभाव बदलत नाही. मक्तेदाराला प्रतिस्पर्धीच नसतो. अल्पाधिकारात मात्र प्रत्येक विक्रेत्याला 'मी किंमत बदलली तर इतर काय करतील?' या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरूनच निर्णय घ्यावा लागतो. हे गृहीत बदलले की बाजाराचे फलितही बदलते.

फ्रेंच विचारवंत कूर्नो यांनी १८३८ मध्ये खनिज पाण्याच्या झऱ्यांच्या दोन मालकांचे उदाहरण घेतले. प्रतिस्पर्ध्याचे उत्पादन स्थिर राहील असे प्रत्येकाने मानल्यास किंमत मक्तेदारीपेक्षा कमी, पण पूर्ण स्पर्धेपेक्षा अधिक राहते, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८८३ मध्ये बर्ट्रांड यांनी यावर आक्षेप घेतला. उत्पादनाऐवजी प्रतिस्पर्ध्याची किंमत स्थिर मानली, वस्तू एकजिनसी व खर्च समान असला, तर केवळ दोन विक्रेते असूनही किंमत सीमांत खर्चापर्यंत खाली येते. पुढे १९३३ मध्ये चेंबरलिन यांनी दाखविले की, मोजक्या विक्रेत्यांनी आपले परस्परावलंबन ओळखले, तर कोणताही करार न करता ते मक्तेदारीची किंमत आकारू शकतात. विक्रेते दोनच, परंतु उत्तरे तीन. संख्या आणि किंमत यांत थेट संबंध नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा सिद्धांतात क्वचितच मिळेल.

भारतीय मोबाइल सेवेचा अनुभव :
भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. आरंभी मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या महानगरांत प्रत्येकी दोन खासगी कंपन्यांना परवाने देण्यात आले. हा द्वयाधिकार शासनाच्या धोरणाने निर्माण केलेला होता. दर चढे होते आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे ग्राहकाला द्यावे लागत. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानंतर शासकीय कंपन्या व चौथे परवानाधारक बाजारात आले, आणि २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले. २००८ मध्ये १२२ नवे परवाने दिले गेले. (हे परवाने सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये रद्द केले.) २००९ मध्ये एका नव्या स्पर्धकाने सेकंदानुसार आकारणी सुरू करताच अल्पावधीत इतरांनाही तेच करावे लागले. येथपर्यंतचा इतिहास रूढ समजाशी जुळणारा आहे.

त्यानंतरचा कालखंड मात्र या समजाची परीक्षा घेतो. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने सेवा सुरू केली आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत ती विनामूल्य ठेवली. इतर कंपन्यांना दर उतरवावे लागले. रिलायन्स कम्युनिकेशन्स, एअरसेल, टेलिनॉर, टाटा यांच्या मोबाइल सेवा बंद पडल्या किंवा इतर कंपन्यांत विलीन झाल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया एकत्र आल्या. या काळात विक्रेत्यांची संख्या घटत होती आणि दरही घटत होते. पुढे तीन मोठ्या खासगी कंपन्या व भारत संचार निगम अशी रचना स्थिर झाली. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन वेळा तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढविले. संख्या तीच राहिली, वर्तन मात्र बदलले.

बाकदार मागणी वक्राची मर्यादा :
अल्पाधिकारातील किंमत-स्थैर्य स्पष्ट करण्यासाठी आपण स्वीझी यांचा (१९३९) बाकदार मागणी वक्र शिकवितो. किंमत कमी केल्यास प्रतिस्पर्धी अनुकरण करतात, वाढविल्यास करीत नाहीत, हे त्याचे गृहीत आहे. वरील तिन्ही दरवाढींत प्रतिस्पर्ध्यांनी वाढीचेही अनुकरण केले. याचे कारण शोधणे अवघड नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समायोजित सकल महसुलाच्या व्याख्येबाबत शासनाच्या बाजूने निर्णय दिला आणि जुन्या कंपन्यांवर मोठ्या थकबाकीचा भार पडला. सर्वच कंपन्यांना अधिक महसुलाची गरज आहे, हे प्रत्येक कंपनी जाणून होती. अशा वेळी दरवाढीचे अनुकरण होईल ही अपेक्षा बळावते व वक्रातील बाक नाहीसा होतो. शिवाय हा वक्र प्रचलित किंमत का टिकते हे सांगतो. ती मुळात कशी ठरली हे सांगत नाही. आकृती फळ्यावर काढताना तिचे गृहीतही तितक्याच ठळकपणे मांडले पाहिजे.

कायद्यापुढील प्रश्न :
परस्परावलंबन व संगनमत यांतील सीमारेषा ठरविणे हा केवळ शास्त्रीय वादाचा विषय नाही. स्पर्धा अधिनियम, २००२ मधील कलम ३ अन्वये स्पर्धाविरोधी करार निषिद्ध आहेत; प्रतिस्पर्ध्याला पाहून किंमत ठरविणे मात्र स्वतः गुन्हा नाही. सिमेंट उद्योगाच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१२ मध्ये कंपन्यांना ६,००० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. किमतींच्या समांतर हालचालीबरोबरच उद्योग-संघटनेमार्फत होणारी माहितीची देवाणघेवाण व उत्पादनाचे प्रमाण यांचाही आयोगाने विचार केला. अपील न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये तो आदेश प्रक्रियेच्या कारणास्तव रद्द केला; २०१६ मध्ये आयोगाने नव्याने आदेश दिला, २०१८ मध्ये तो अपिलात कायम राहिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. किमती एकत्र वाढल्या एवढ्यावरून करार सिद्ध होत नाही आणि लेखी करार नाही एवढ्यावरून स्पर्धाही सिद्ध होत नाही, ही अडचण या प्रवासातून दिसून येते.

संख्येचे योग्य स्थान :
याचा अर्थ संख्या निरर्थक आहे असा नव्हे. स्टिगलर यांनी १९६४ मध्ये दाखविल्याप्रमाणे, विक्रेते जितके कमी आणि दर जितके उघड, तितके छुप्या सवलतीवर लक्ष ठेवणे सोपे होते. अर्थात संख्या सहकार्याची शक्यता वाढविते, ते निश्चित करीत नाही. समान वाटा असलेल्या तीन विक्रेत्यांच्या बाजारात केंद्रीकरणाचा हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक सुमारे ३,३३३ येतो. दरयुद्ध चालू असो वा दरवाढ, हा आकडा बदलत नाही. स्पर्धकाचे बाजारात टिकून राहणेही तितकेच महत्त्वाचे आहे. २०२३ व २०२५ मध्ये शासनाने व्होडाफोन आयडियाकडील देण्यांचे समभागांत रूपांतर केले व आपला हिस्सा सुमारे ४९ टक्क्यांपर्यंत नेला. तिसरा खासगी विक्रेता नाहीसा झाला असता, तर तीन दशकांपूर्वीचा द्वयाधिकार खासगी क्षेत्रात पुन्हा अवतरला असता.

निष्कर्ष :
अल्पाधिकार ही एकच निश्चित फलित देणारी बाजाररचना नाही. प्रतिस्पर्ध्याच्या प्रतिक्रियेविषयीची अपेक्षा, खर्चाचे समान दडपण, प्रवेशातील अडथळे आणि दरांची पारदर्शकता यांवर तिचे फलित अवलंबून असते. म्हणून अध्यापनात 'विक्रेते किती?' या प्रश्नानंतर 'प्रत्येक विक्रेता इतरांविषयी काय गृहीत धरतो?' हा प्रश्न अवश्य विचारला जावा. विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइलचे रिचार्ज महागते तेव्हा त्याचे कारण त्याला पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा या दुसऱ्या प्रश्नातूनच अधिक चांगले उमगेल.