एक गडी, दोन जर्सी : कुर्ल्याच्या मैदानातून विद्यापीठाच्या संघात

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एक लाखाहून जास्त प्रेक्षक बसतात, आणि ते ज्या ॲन आर्बर शहरात आहे तिथली वस्ती साधारण सव्वा लाखाची. सामन्याच्या दिवशी तिथली दुकानं, रस्ते, घरं सगळी संघाच्या रंगात असतात. तिथे कॉलेजचा संघ हाच गावाचा संघ असतो.

मुंबई विद्यापीठाला असं गाव नाही. १८५७ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांत पसरलेलं आहे आणि त्याची संलग्न महाविद्यालयं आठशेच्या पुढे आहेत. कलिन्याचा परिसर कुर्ला स्टेशनवरून ३१३ नंबरची बस पकडली की येतो, पण तिथे शिकणारी बहुतेक मुलं संध्याकाळी लोकलने आपापल्या घरी जातात. विद्यापीठाचं क्रीडा पॅव्हेलियन तर थेट चर्चगेटला. मग कॉलेजच्या खेळाडूंसाठी ओरडणारी माणसं राहतात कुठे? कुर्ल्यापुरतं उत्तर सोपं आहे : ती खेळाडूच्याच चाळीत, इमारतीत, गल्लीत राहतात. हे कसं घडतं ते कबड्डीच्या वाटेने नीट पाहू.

पहिली पायरी : मंडळ

नेहरूनगर, कामगारनगर, चुनाभट्टी हा कुर्ल्यातला कामकरी वस्तीचा पट्टा. जमशेटजी टाटांनी १८८६ साली सुरू केलेली स्वदेशी मिल याच भागातली. अशा वस्त्यांत कबड्डी रुजायला कारण होतं : सामान काही लागत नाही, जागा लागते आणि सात-सात गडी लागतात. मुलगा किंवा मुलगी शाळेत असतानाच वस्तीतल्या क्रीडा मंडळाच्या मैदानात उतरते. सोळा वर्षांपर्यंत किशोर गट, वीसपर्यंत कुमार गट, मग खुला गट. मंडळ जिल्हा संघटनेकडे नोंदवलेलं असतं, म्हणजे खेळाडूचीही नोंद होते. दहावीनंतर कॉलेजचा अर्ज भरताना या मुलांकडे गुणपत्रिकेसोबत स्पर्धांच्या प्रमाणपत्रांची फाइलही असते.

दुसरी पायरी : कॉलेज

पदवीला प्रवेश झाला की कॉलेजचे क्रीडा संचालक निवड चाचणी घेतात. पुढे विद्यापीठाचं प्रतिनिधित्व करायचं तर वय १७ ते २५ मध्ये बसावं लागतं आणि विद्यार्थी नियमित असावा लागतो. इथून खेळाडूचा दिवस दोन तुकड्यांत विभागतो. सकाळी लेक्चर, संध्याकाळी मंडळाचा सराव. अंगावर दोन जर्सी येतात, आणि स्पर्धेच्या तारखा एकमेकींवर आल्या की दोन्हीकडून फोन येतात.

कॉलेजसाठी खेळण्याने काय मिळतं? विद्यापीठाच्या नियमांत खेळाडूंसाठी दहापर्यंत सवलतीच्या गुणांची तरतूद आहे. ७५ टक्के हजेरीच्या अटीतून स्पर्धांच्या दिवसांपुरती मोकळीक मागता येते. मात्र त्यासाठी पत्रं वेळेवर कार्यालयात पोचवावी लागतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विद्यापीठ पातळीचं प्रमाणपत्र नोकरीच्या वेळी कामी येतं. रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या यांचे कबड्डी संघ आहेत. ज्या घरात महिन्याचा पगार हीच खरी निश्चिंती, त्या घरातली आई म्हणूनच सरावाला जाणाऱ्या मुलीचा डबा आधी भरते.

तिसरी पायरी : विद्यापीठ

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विभागवार सुरू होतात आणि विभागातले विजेते एकमेकांशी भिडतात. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अजिंक्यपद मिळवणाऱ्या कॉलेजचा संघ जसाच्या तसा पुढे जात नाही. निवड चाचणी होते, शिबिर भरतं आणि वेगवेगळ्या कॉलेजांतून विद्यापीठाचा बारा जणांचा संघ बांधला जातो. काल एकमेकांचे घोटे धरणारे आज एका बाजूला उभे राहतात.

हा संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान इथल्या विद्यापीठांशी खेळतो. तिथले पहिले चार अखिल भारतीय स्पर्धेला जातात. आंतरविद्यापीठ खेळांत कबड्डीचा समावेश १९६१ साली झाला. २०२० पासून वर ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धेची आणखी एक पायरी आली. तिच्या पहिल्या आयोजनाचा मान भुवनेश्वरला मिळाला. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ महोत्सव वेगळा.

विद्यापीठाच्या जर्सीची किंमत क्रिकेटवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आंतरविद्यापीठ क्रिकेटच्या रोहिंटन बारिया करंडकात अजित वाडेकरांनी १९५८-५९ मध्ये ३२४ धावा केल्या, आणि तो विक्रम सुनील गावसकरांनी १९७०-७१ मध्ये ३२७ करून मोडला. दोघेही तेव्हा मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी होते. गावसकर त्याच हंगामात वेस्ट इंडीजला गेले. कबड्डीतही विद्यापीठाचा सामना हा मोठ्या दाराचा उंबरठाच असतो, कारण २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून नव्या मुलांवर नजर ठेवणारी माणसं अशा स्पर्धांना येऊन बसतात.

सामना पाहायचा कसा

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. चढाई ३० सेकंदांची. एका गड्याला स्पर्श केला की एक गुण. समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनस रेषा ओलांडण्याचाही एक. तिघे किंवा त्याहून कमी उरलेले असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, एक गुण जास्त. सगळा संघ बाद झाला की लोण, म्हणजे दोन गुण जादा.

ही आकडेमोड समजली तरी नजर चढाई करणाऱ्यावरच खिळलेली राहते. ती जरा बाजूला न्या आणि कोपरारक्षकाकडे पाहा. तो पुढे धावत नाही. चढाईपटू बोनससाठी एक पाय लांब टाकतो, दुसऱ्या पायावर सगळं वजन येतं, आणि तो पाय परत उचलण्याआधीच्या त्या क्षणी कोपरारक्षक खाली बसून घोटा धरतो. एकट्याने धरून भागत नाही. शेजारच्याने कंबर किंवा मांडी पकडून चढाईपटूला मध्यरेषेपासून मागे ओढलं तरच पकड टिकते. उशीर झाला तर चढाईपटू लोंबकळत का होईना, बोटाने रेषेला शिवतो आणि बाहेर दोघे जातात.

यातच मंडळ आणि विद्यापीठ यांतला फरकही दिसतो. गल्लीतले सामने बरेचदा मातीवर होतात, विद्यापीठाचे मॅटवर. मातीत अनवाणी पाय सरकतो, घसरून सुटता येतं. मॅटवर बूट घट्ट धरतात, वेग वाढतो, आणि घोटा एकदा हातात आला की सुटणं अवघड. मातीत वाढलेल्या कुर्ल्याच्या मुलीला मॅटची सवय करून घेण्यात हंगामाचा चांगला भाग जातो. कॉलेजांनी आणि पालिकेने सरावाला मॅट उपलब्ध करून दिली तर ही दरी लवकर भरून निघेल.

प्रेक्षक कुठे आहे

मंडळाच्या रात्रीच्या सामन्यात प्रकाशझोताखाली उभं राहायला जागा नसते. गच्चीतून, जिन्यातून माणसं पाहतात आणि गड्याला नावाने हाक मारतात. त्याच गड्याच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याला दुपारी बाकांवर बहुतेक खेळाडूच बसलेले असतात. प्रेमाची कमी हे त्याचं कारण नव्हे. सामना कामाच्या दिवशी, दूरच्या उपनगरात, आणि वेळापत्रक फक्त क्रीडा विभागाच्या फलकावर : मग गल्ली येणार कशी?

हे बदलण्यासाठी स्टेडियम बांधायची गरज नाही. कॉलेजने वेळापत्रक खेळाडूच्या मंडळाला कळवावं. बाद फेरीचे सामने संध्याकाळी, खेळाडू राहतात त्या उपनगरात घ्यावेत. मंडळाने फलकावर आपल्या गड्याचं नाव लिहिताना त्याच्या कॉलेजचंही लिहावं. वर्गमित्रांनी एका सामन्याला तरी जावं. ॲन आर्बरला गावाने कॉलेज आपलं मानलं. कुर्ल्याला तर खेळाडू आधीपासून आपले आहेत. त्यांच्या दुसऱ्या जर्सीसाठीही टाळ्या वाजवायच्या, एवढंच राहिलं आहे.